काळा सदरा

काचेपुढे बसायचं तर अंगात काळंच हवं.
पांढरा बनियन असला की फोटोत मासा येत नाही,
मीच येतो: पोट, गुडघे,
आणि पाठीमागच्या खिडकीतली ओस्त्रावाची धुरकट दुपार.
म्हणून हा सदरा.
लुद्येकच्या मातीला घेतला होता.
नंतर आणखी दोघांच्या मातीला चालला,
आता माशांना चालतो.

मासे तरी केवढे. सिक्लिड म्हणायचं,
पण मादी करंगळीच्या दोन पेरांत संपते.
टांगानिका सरोवराच्या तळाशी म्हणे
गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा खच आहे,
आणि एकेका शंखात एकेक बिऱ्हाड.
मी कशाला तिथे जातोय!
चौकातल्या हॉटेलवाल्याकडून शंख आणले,
लसणीच्या लोण्यात शिजलेले, गिऱ्हाइकांनी कोरलेले.
चार वेळा उकळले तरी घरभर लसूण.
द्राहोमीरा म्हणाली, आता मासेही मुरवलेलेच आण.

माश्यांनी काही कुरकुर केली नाही.
पहिल्याच रात्री प्रत्येकीनं आपला शंख
तोंडापर्यंत वाळूत पुरला.
तोंडात वाळू भरायची, दोन बोटं पलीकडे थुंकायची,
परत भरायची.
हे काम काय असतं ते मला कुणी सांगायला नको.
एकतीस वर्षं खाली होतो,
आठशे मीटर.

फोटोचं मात्र वेगळं.
लेन्स काचेला काटकोनात, जरा कलली
की माशाला दोन कडा फुटतात.
फ्लॅश वरून, झाकणाच्या काचेतून,
त्यावर द्राहोमीराचा केक भाजायचा कागद.
शेपूट धूसर चालेल,
डोळा नाही.
आणि मग थांबायचं.
माझ्या श्वासाला शिट्टी आहे, खाणीची,
ती त्यांना काचेतून ऐकू जाते की काय,
जवळ गेलो की सगळ्या आत.
नऊ शंख, नऊ काळी तोंडं.
मी श्वास धरतो, आकडे म्हणतो.
चाळीसाच्या पुढेमागे एक नाक बाहेर.

लीड्सला लेकीला दोनशे फोटो पाठवले.
रादमिलानं विचारलं, बाबा, यात मासा कुठाय?
तिचंही खरं. वाळू छान आली होती.

काल रात्री झोप येईना.
टाकीचा दिवा बंद, आणि हातात माझा जुना
टोपीवरचा दिवा, त्यावर निळी चिंधी बांधून.
डावीकडच्या तिसऱ्या शंखाच्या तोंडाशी
धूळ हलत होती.
धूळ नव्हे. डोळे होते.
एक. तीन. आई पुढे सरकली, पाच.
तोंडाशी उभं राहून मोजायची सवय जुनीच.
त्या मार्चमध्ये पिंजरा वर येत राहिला
आणि आम्ही मोजत राहिलो,
अकरा गेले होते.
दहा झाल्यावरही बराच वेळ
कुणी आकडा बदलला नाही.

सात. कुठलं तरी एक आत गेलं. परत सात.
धावत जाऊन सदरा घातला, पायजम्यावरच,
कॅमेरा लावला, बावीस वेळा दाबला.

सकाळी दोघांनी मिळून पाहिले.
पिल्लं म्हणजे काचेवरचे डाग वाटावेत.
आईचा डोळा अर्धा.
बावीसच्या बावीस फोटोंत स्वच्छ, रेखीव,
छिद्रांसकट दिसतंय ते
माझ्या सदऱ्याचं दुसरं बटण. शिंपल्याचं, पांढरं.

द्राहोमीरानं चष्मा लावला,
कात्री घेतली, मला उठूसुद्धा दिलं नाही,
अंगावरच एकेक बटण कापत गेली.
डब्यातून काळी शोधली, पाच मिळाली,
सहावं तपकिरी.
दोरा दातानं तोडताना म्हणाली,
लुद्येकच्या वेळीच सांगितलं होतं तुला,
ही बटणं फार उठून दिसतात.
हलू नकोस.